बातमीदारांचे गुरु : जोसेफ पुलित्झर

बातमीदार हा जन्मावा लागतो, तो शिकवून तयार होत नाहीं, असा समज अमेरिकेंतील वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ होता. ज्यास बातमीचा वास येतो त्यास तो उपजतच येतो. ज्यास येत नाहीं त्यानें दुसरा धंदा पाहावा, असें जुने संपादक नवशिक्या तरुणांस खुशाल सांगत. या समजुतीस ज्यानें मोठा धक्का दिला तो पुरुष स्वतः कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढला नव्हता. ज्या भाषेंत त्यानें कीर्ति मिळविली ती त्याची मातृभाषा नव्हती. आणि बातमीदारांसाठीं शाळा काढण्याचा ध्यास त्यानें घेतला त्या वयांत त्यास स्वतःच्या पत्राचे मथळेही दिसेनासे झाले होते. त्याचें नांव जोसेफ पुलित्झर. त्याच्या नांवानें दरवर्षीं दिलीं जाणारीं पारितोषिकें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ऐकिवांत असतील; परंतु त्या नांवामागचा मनुष्य कसा होता व त्यास ही शाळा काढावीशी कां वाटली, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. म्हणून हा लहानसा चरित्रलेख.

जोसेफचा जन्म हंगेरी देशांतील माको या गांवीं ता. १० एप्रिल १८४७ रोजीं एका सुखवस्तु ज्यू कुटुंबांत झाला. वडील धान्याचे व्यापारी होते. मुलगा सहा वर्षांचा असतांना बिऱ्हाड पेस्ट शहरीं गेलें, व तेथें घरीं शिक्षक ठेवून मुलांस जर्मन व फ्रेंच या भाषा शिकविण्यांत आल्या. पण १८५८ सालीं वडील वारले, व्यापार बुडाला, आणि आईनें पुढें दुसरा विवाह केला. घरांत आपली अडचण होते असें वाटून कीं काय, जोसेफनें सतराव्या वर्षीं शिपाईगिरी पत्करण्याचें ठरविलें. अंगानें उंच व हडकुळा, डोळ्यांनीं अधू. ऑस्ट्रियाच्या सैन्यानें त्यास नाकारलें, फ्रेंचांनीं नाकारलें, इंग्रजांनींही नाकारलें. अखेर हांबुर्ग बंदरांत अमेरिकेच्या यादवी युद्धाकरितां माणसें गोळा करणारे दलाल त्यास भेटले. उत्तरेकडील सैन्यास त्या दिवसांत माणसांची इतकी निकड होती कीं, अशक्त डोळ्यांची चौकशी कोणी केली नाहीं. १८६४ सालीं तो अमेरिकेंत उतरला व न्यूयॉर्कच्या एका घोडदळांत दाखल झाला.

युद्ध पुढच्याच वर्षीं संपलें. नोकरीवरून सुटलेल्या शिपायांनीं न्यूयॉर्कचे रस्ते भरून गेले होते, काम मिळेना. तेव्हां जोसेफनें पश्चिमेकडील सेंट लुई शहराची वाट धरली. तेथें जर्मन लोकांची वस्ती मोठी होती, आणि याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतें. मिसिसिपी नदीच्या पैलतीरीं शहर दिसत होतें, पण उतारूस लागणारे पैसे खिशांत नव्हते. तरीच्या बोटीवर भट्टींत इंधन टाकण्याचें काम करून त्यानें ती नदी ओलांडली, असें सांगतात. पुढील दोन तीन वर्षें त्यानें खेंचरांची निगा ठेवली, खाणावळींत वाढप्याचें काम केलें, आणि १८६६ सालीं शहरांत पटकीची सांथ आली तेव्हां प्रेतें पुरण्याचेंही काम केलें.

दिवसा पोटाची सोय व सवड सांपडेल तेव्हां वाचन, असा त्याचा क्रम असे. शहरांत मर्कंटाइल लायब्ररी नांवाचें एक उत्तम ग्रंथालय होतें. तेथें बसून त्यानें इंग्रजी भाषा आपल्या बळावर आपलीशी केली व कायद्याचीं पुस्तकें वाचलीं. त्याच ग्रंथालयांत बुद्धिबळें खेळण्याची एक खोली होती. तेथें येणाऱ्यांत ‘वेस्टलिख पोस्ट’ या जर्मन दैनिकाचे चालक कार्ल शुर्झ व एमिल प्रेटोरियस हे असत. या परक्या पोराची पटावरील नजर पाहून त्यांचें लक्ष त्याच्याकडे गेलें.

परंतु त्याचें लेखन पहिल्यानें छापलें गेलें तें बुद्धिबळामुळें नव्हे, तर एका फसवणुकीमुळें. लुइझियाना प्रांतांतील उंसाच्या मळ्यावर चांगल्या पगाराची नोकरी देतों असें सांगून एका लबाड मनुष्यानें जोसेफ व इतर कित्येक गरजू लोकांकडून माणशीं पांच डॉलर घेतले. बोटीनें या मंडळीस शहरापासून सुमारें तीस मैलांवर उतरविलें व ती निघून गेली. तेव्हां उमगलें कीं, मळाही नाहीं व नोकरीही नाहीं. सर्वजण पायीं परत आले. इतरांनीं त्या लबाडास शिव्याशाप दिले असतील. जोसेफनें काय घडलें तें लिहून काढलें. तें वृत्त ‘वेस्टलिख पोस्ट’नें छापलें, व तीच त्याची पहिली बातमी असें मानण्यांत येतें.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. रागावलेला मनुष्य लिहावयास बसला म्हणजे तो बहुधा आपला रागच लिहितो. बातमी लिहावयाची तर पैसे किती घेतले, कोणीं घेतले, बोटीनें कोठें उतरविलें, माणसें किती होतीं, हें आधीं सांगावें लागतें. तेवढें नीट सांगितलें कीं राग वाचकास आपोआप येतो. आमच्या वर्गांतील मुलांस क्रीडासंमेलनाचें वृत्त लिहावयास सांगितलें, तर दहांपैकीं आठ जण मैदान कसें फुलून गेलें होतें याचें वर्णन करतात, आणि शर्यत कोणीं जिंकली हें शेवटच्या ओळींत येतें. कधीं कधीं येतही नाहीं. हा दोष बुद्धीचा नसून संवयीचा आहे, आणि संवय लावतां येते. पुलित्झर यांचा पुढील सर्व खटाटोप याच एका गोष्टीसाठीं होता.

१८६८ सालीं ‘वेस्टलिख पोस्ट’नें त्यास बातमीदार म्हणून ठेविलें. सकाळीं दहा वाजतां त्यानें कामास लागावें व रात्रीं दोन वाजतां हात थांबवावा. त्याचें लांब नाक, त्याचे परके उच्चार, त्याची ती धांवपळ यांची इंग्रजी पत्रांचे बातमीदार टिंगल करीत. थोड्याच दिवसांत ती टिंगल ओसरली. कारण आपल्या पत्रांत नसलेल्या बातम्या या जर्मन पत्रांत असतात, असें त्यांच्या संपादकांस आढळून येऊं लागलें. त्याची पद्धत अगदीं साधी होती. जेथें गोष्ट घडली तेथें स्वतः जावयाचें. संबंधित माणूस कितीही मोठा असो, त्यास तोंडावर प्रश्न विचारावयाचा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठावयाचें नाहीं.

बातमीच्या निमित्तानें राज्याच्या विधिमंडळाचा त्यास परिचय झाला होता. १८६९ च्या अखेरीस तो स्वतःच तेथें सभासद म्हणून निवडून आला. वय बावीस, कायद्याप्रमाणें चोवीस पाहिजे होतें. ही गोष्ट कोणीं उकरून काढली नाहीं, व त्यानेंही आपण होऊन ती पुढें आणिली नाहीं. सत्याच्या या पुजाऱ्याच्या चरित्रांत तेवढें नमूद करणें भाग आहे. दुसरी गोष्ट याहून वाईट. सरकारी बांधकामाच्या मक्त्यावर टीका केल्यामुळें एका कंत्राटदाराशीं त्याचा तंटा जुंपला, व १८७० च्या जानेवारींत त्यानें भर हॉटेलांत त्या गृहस्थावर पिस्तूल झाडलें. गोळी पायास चाटून गेली म्हणून बरें. दंड झाला व तो मित्रांनीं जमवून भरला. स्वभावाचा हा तापटपणा त्याच्या ठायीं शेवटपर्यंत राहिला. आयुष्यांत ज्यांचीं मनें त्यानें दुखविलीं त्यांची गणती नाहीं.

यापुढील आठ वर्षें भराभर सांगून टाकण्यासारखीं आहेत. ‘वेस्टलिख पोस्ट’मध्यें भागीदारी, ती विकून आलेला पैसा, वकिलीची सनद, युरोपचा प्रवास, आणि १८७८ च्या जूनमध्यें केट डेव्हिस या बाईंशीं विवाह. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘डिस्पॅच’ नांवाचें एक दिवाळखोर सायंदैनिक लिलांवांत निघालें, तें पुलित्झर यांनीं २,५०० डॉलरांस घेतलें व तीन दिवसांतच ‘पोस्ट’ या दुसऱ्या पत्राशीं त्याची जोड घातली. ‘पोस्ट-डिस्पॅच’ या जोडनांवानें तें पत्र प्रसिद्धीस आलें. शहरांतील धनिकांनीं करासाठीं आपली मालमत्ता किती दाखविली याच्या याद्या त्यांनीं छापल्या. त्यांत विशेषणें फारशीं लागलींच नाहींत. ज्यांचे वाडे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, त्यांनीं कागदावर काय दाखविलें होतें, तें लोकांनीं आपल्या डोळ्यांनीं वाचलें. पत्र चाललें, शत्रुही वाढले. १८८२ सालीं पत्राचे संपादक कॉकरिल यांनीं कचेरींत चालून आलेल्या एका वकिलास गोळी घालून ठार केलें, तेव्हां शहराचें मन पत्रावर विटलें, व पुलित्झर यांची दृष्टि न्यूयॉर्ककडे वळली.

१८८३ च्या मे महिन्यांत त्यांनीं जे गूल्ड या रेल्वेच्या धनाढ्य मालकाकडून ‘वर्ल्ड’ हें तोट्यांत चाललेलें दैनिक ३,४६,००० डॉलरांस विकत घेतलें. खप होता सुमारें पंधरा हजार. चार वर्षांत तो अडीच लक्षांच्या घरांत गेला. हें कसें झालें याविषयीं दोन मतें आहेत, आणि दोन्ही खरीं आहेत. एक असें कीं, खून, आगी, अपघात व घटस्फोट यांस ठळक मथळे व चित्रें देऊन त्यांनीं वाचकांस चटक लावली. दुसरें असें कीं, नुकत्याच परदेशांतून आलेल्या, मोडकें इंग्रजी वाचणाऱ्या, चाळींतून दाटीनें राहणाऱ्या लाखों लोकांचे प्रश्न ज्यानें पहिल्या पानावर आणिले असें त्या शहरांतील हें पहिलें मोठें पत्र होतें. ते स्वतः त्यांच्यांतूनच वर आलेले होते. लहान वाक्य व सोपा शब्द यांचें मोल त्यांस ग्रंथालयांतील त्या रात्रींपासून ठाऊक होतें.

१८८५ सालीं फ्रान्सनें भेट दिलेली स्वातंत्र्यदेवीची प्रचंड मूर्ति उभी करण्यासाठीं चौथऱ्याला पैसा नव्हता व धनिक मंडळी स्वस्थ होती. ‘वर्ल्ड’नें सामान्य जनतेस हांक दिली, आणि देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचें नांव छापूं असें वचन दिलें. पांच महिन्यांत सुमारें १,२०,००० लोकांनीं एक लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. त्यांतील बहुतेक देणग्या एका डॉलरच्या आंतल्या होत्या. शाळेंतल्या मुलांनीं पाठविलेली नाणींही तींत होतीं. नांव व रक्कम, दिवसामागून दिवस, स्तंभामागून स्तंभ, बिनचूक छापणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. ज्याचें नांव चुकलें त्याचा पत्रावरील विश्वास उडाला म्हणून समजावें.

१८८७ सालीं नेली ब्लाय या टोपणनांवानें लिहिणारी एक तरुण स्त्री ‘वर्ल्ड’च्या दारीं काम मागावयास आली. वेडाचें सोंग घेऊन ती ब्लॅकवेल बेटावरील वेड्यांच्या इस्पितळांत शिरली व दहा दिवस राहिली. नासकें अन्न, बर्फासारख्या पाण्याची अंघोळ, परिचारिकांची मारहाण, हें सर्व तिनें बाहेर येऊन लिहिलें. सरकारी चौकशी झाली व अशा संस्थांसाठीं शहरानें अधिक पैसा मंजूर केला. सोंग घेऊन बातमी मिळवावी कीं नाहीं, हा प्रश्न पत्रकारितेच्या वर्गांतून अजून चर्चिला जातो, व तो चर्चिला जाण्यासारखाच आहे. पण तिच्या लेखांस वजन आलें तें सोंगामुळें नव्हे. काय खावयास दिलें, किती वाजतां उठविलें, अंगावर कपडा कोणता होता, अशा बारीक बारीक गोष्टी तिनें पाहून लक्षांत ठेविल्या होत्या, व चौकशीला आलेल्या मंडळीस त्या पडताळतां आल्या.

‘वर्ल्ड’ची कचेरी ही त्या काळीं बातमीदारांची एक प्रकारची शाळाच होती, मात्र फार कडक. पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेले थिओडोर ड्रायझर १८९४ च्या सुमारास तेथें कामास होते. बातमीदारांच्या खोलीच्या भिंतींवर ठिकठिकाणीं छापील पाट्या लाविलेल्या असत, अशी आठवण त्यांनीं लिहून ठेविली आहे. बिनचूकपणाची ताकीद एका पाटीवर तीनदां दिलेली. दुसरीवर कोण, काय, कोठें, केव्हां, कसें हे प्रश्न. तिसरीवर वस्तुस्थितीचा आग्रह. आज ज्यांस आपण बातमीचीं मूळाक्षरें म्हणतों तीं हींच. घर पेटलें एवढें सांगून भागत नाहीं. कोणाचें, कोठलें, किती वाजतां, कशानें, आणि आंत कोणी होतें काय, हें त्याच दमांत सांगितलें पाहिजे. आणि जें कळलें नसेल तें बनवून सांगतां कामा नये. पाटी भिंतीवर लावणें सोपें असतें. तिच्याखालीं बसून तिच्याप्रमाणें वागणें अवघड असतें, हें ‘वर्ल्ड’नेंच पुढें दाखवून दिलें.

१८८७ पासून पुलित्झर यांची दृष्टि झपाट्यानें मंदावूं लागली होती. १८९० च्या ऑक्टोबरांत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यांस संपादकाची खुर्ची सोडावी लागली. दोन महिन्यांनीं ‘वर्ल्ड’ची सोनेरी घुमटाची नवी इमारत उभी राहिली, न्यूयॉर्कमध्यें तेव्हां तिच्याएवढें उंच दुसरें कचेरीचें घर नव्हतें. तिच्या मालकास मात्र तिच्यांत बसून काम करण्याचे दिवस फारच थोडे लाभले. डोळ्यांबरोबर मज्जातंतूही बिघडले. चमच्याचा खणखणाट किंवा कागदाची सळसळ ऐकूनही त्यांस असह्य वेदना होत. पुढील एकवीस वर्षें ते आवाज न शिरणाऱ्या खोल्यांतून व समुद्रावरील नौकेंतून हिंडत राहिले, आणि तारा पाठवून पत्र चालवीत राहिले.

याच काळांत त्यांच्या हातून त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा अपराध घडला. १८९५ सालीं विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या तरुण धनिकानें न्यूयॉर्कचें ‘जर्नल’ हें पत्र घेतलें, ‘वर्ल्ड’चीं माणसें दुप्पट पगारावर पळविलीं, आणि दोन पत्रांत चढाओढ लागली. पिवळा सदरा घातलेल्या एका मुलाचें व्यंगचित्र दोन्ही पत्रांत येऊं लागलें. त्यावरून अशा भडक पत्रांस पिवळीं पत्रें असें नांव पडलें. ता. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्रीं क्यूबांतील हवाना बंदरांत ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली व २६० हून अधिक खलाशी मेले. स्फोट कशानें झाला हें कोणासही ठाऊक नव्हतें. हर्स्टच्या पत्रानें दोष सरळ शत्रूवर लादला. ‘वर्ल्ड’नें प्रश्नचिन्ह घातलें खरें, पण मथळा व चित्र अशीं होतीं कीं प्रश्नचिन्ह कोणाच्या लक्षांत राहूं नये. एप्रिलांत स्पेनशीं युद्ध सुरू झालें. तें केवळ वर्तमानपत्रांनीं पेटविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्या आगींत तेल कोणीं ओतलें हें लपत नाहीं. अमेरिकन आरमाराच्या एका अधिकाऱ्यानें १९७६ सालीं पुन्हां तपास करवून घेतला, तेव्हां नौकेंतील कोळशास आंतून लागलेली आग हेंच स्फोटाचें संभवनीय कारण ठरलें.

पुलित्झर दूर होते, आंधळे होते, आणि १८९७ च्या शेवटच्या दिवशीं त्यांची सतरा वर्षांची कन्या विषमज्वरानें गेली होती. तरीही या सबबी येथें चालवून घेतां येणार नाहींत. पत्र त्यांचें होतें, हुकूम त्यांचे होते, आणि दहा लक्षांवर गेलेल्या खपाचा आनंदही त्यांनीं मानला होता. युद्धांत विक्रेत्या पोरांसाठीं शंभर अंकांचा भाव पन्नास सेंटांवरून साठ करण्यांत आला होता, तो युद्ध संपल्यावरही ‘वर्ल्ड’ व ‘जर्नल’ यांनीं उतरविला नाहीं. १८९९ च्या जुलैंत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील हजारों पोरांनीं संप केला, व ‘वर्ल्ड’चा खप जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला. भाव तोच राहिला. पण न खपलेले अंक परत घेण्याचें दोन्ही धनाढ्य मालकांस कबूल करावें लागलें. गरिबांचा कैवारी म्हणून मिरविणाऱ्या पत्रास गरीब पोरांनींच हा धडा दिला.

युद्धानंतर पुलित्झर यांनीं आपल्या पत्राचा सूर पालटला, आणि एक जुनी कल्पना पुन्हां हातीं घेतली. १८९२ सालींच त्यांनीं कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यक्षांपुढें पत्रकारितेची शाळा काढण्यासाठीं पैसा देऊं केला होता. विश्वस्तांनीं तो नाकारला होता. विद्येच्या मंदिरांत बातमीदाराचें काय काम, अशी त्यांची भावना असावी. १९०३ सालीं नवे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्याशीं बोलणीं होऊन वीस लक्ष डॉलरांची देणगी जाहीर झाली. आतां थट्टा करण्याची पाळी वर्तमानपत्रांची होती. तेव्हां १९०४ च्या मे महिन्यांत पुलित्झर यांनीं ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या मासिकांत एक दीर्घ लेख लिहून सर्व आक्षेपांस उत्तर दिलें. वकील, वैद्य, सेनापति यांस कोणी उपजत मानीत नाहीं. त्यांना वर्षानुवर्षें शिकवितात. मग ज्याच्या एका चुकीच्या ओळीनें निरपराध माणसाची अब्रू जाते, त्यानेंच तेवढें न शिकतां काम करावें हें कोणतें शहाणपण? बातमीचा वास उपजत असला तरी कोणता वास खरा व कोणता खोटा हें शिकावें लागतें. त्यांच्या योजनेंत कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, आंकडेशास्त्र, परकी भाषा व नीति हे विषय होते. बिनचूकपणा हाही शिकविण्याचा एक स्वतंत्र विषय म्हणून त्यांनीं मांडला. जाहिराती मिळविणें, खप वाढविणें, हिशेब ठेवणें या गोष्टींस मात्र त्यांनीं शाळेंत थारा दिला नाहीं. हार्वर्डच्या अध्यक्षांनीं त्याही शिकवाव्या असें सुचविलें होतें. ज्यानें आयुष्यभर खपाचा पाठलाग केला त्या मनुष्यानें ती सूचना कटाक्षानें दूर ठेविली. आमच्या मतें त्या लेखाइतकेंच हें मौनही बोलकें आहे.

स्वतःच्या नौकेवर तर त्यांची शाळा रोजच भरे. त्यांच्यापाशीं नेहमीं पांच सहा विद्वान चिटणीस असत. जाहिरात देऊन, पारखून घेतलेले. वाचून दाखविणें, सारांश सांगणें हें त्यांचें काम. पण त्याहून अवघड काम होतें मालकाच्या वतीनें पाहणें. नव्या माणसाचा चेहरा कसा आहे असें विचारल्यावर तो चांगला आहे असें उत्तर दिलें कीं प्रश्नांचा भडिमार होई: कपाळ किती रुंद, डोळे कोणत्या रंगाचे, नाक कसें, बोलतांना ओंठ कसे हालतात. अ‍ॅलेन आयर्लंड या चिटणीसानें त्या दिवसांच्या आठवणी पुस्तकरूपानें लिहिल्या आहेत. त्या वाचतांना वाटतें कीं, डोळस माणसांस डोळे कसे वापरावे हें शिकविण्यास आंधळ्याइतका नेटका शिक्षक मिळणार नाहीं. ज्याला तपासतां येत नाहीं त्याला नेमकेंच सांगावें लागतें. आणि वर्तमानपत्राचा वाचक याच स्थितींत असतो.

शाळेचे सल्लागार कोणीं नेमावे यावरून विद्यापीठाशीं वाद होऊन काम लांबलें, व आपल्या मृत्यूनंतरच ती उघडावी असें पुलित्झर यांनीं ठरविलें. इकडे त्यांच्याच जुन्या मिसुरी राज्याच्या विद्यापीठानें १९०८ च्या सप्टेंबरांत वॉल्टर विल्यम्स यांच्या हाताखालीं पत्रकारितेची शाळा सुरू केली, आणि पहिल्याच दिवशीं विद्यार्थ्यांकडून एक खरें दैनिक काढविलें. बातमीदारी शिकवितां येते हें असें प्रत्यक्ष दिसून आलें. त्याच वर्षीं पनामा कालव्याच्या व्यवहारांत पैसा कोणाच्या खिशांत गेला, असा प्रश्न ‘वर्ल्ड’नें विचारला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं खवळून खटला भरविला. म्हातारा, आंधळा मालक तुरुंगास तयार होऊन बसला; १९११ च्या जानेवारींत वरिष्ठ न्यायालयानें एकमतानें ‘वर्ल्ड’च्या बाजूनें निकाल दिला.

त्याच वर्षीं ता. २९ ऑक्टोबर रोजीं चार्ल्स्टन बंदरांत ‘लिबर्टी’ या आपल्या नौकेवर पुलित्झर वारले. त्यांचा जर्मन चिटणीस त्यांस फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाचा इतिहास वाचून दाखवीत होता. अधिक हळू, अगदीं हळू वाच, असें त्यांनीं जर्मन भाषेंत सांगितलें, आणि थोड्याच वेळांत प्राण सोडला. वय चौसष्ट होतें.

कोलंबियाची शाळा १९१२ च्या सप्टेंबर अखेरीस उघडली. पहिल्या वर्गांत मुलांबरोबर मुलीही होत्या. पहिले प्रमुख टॅल्कॉट विल्यम्स हे तुर्की साम्राज्यांत मिशनरी आईबापांच्या पोटीं जन्मलेले जुने पत्रकार होते. पाठ्यपुस्तक म्हणजे न्यूयॉर्क शहर. विद्यार्थ्यांस न्यायालयांत, सभांना, रस्त्यांवर पाठवावयाचें. त्यांनीं बातमी आणावयाची, ठरल्या वेळांत लिहावयाची, व शिक्षकानें ती संपादकासारखी लाल शाईनें तपासावयाची. १९१३ सालीं शाळेची स्वतंत्र इमारत झाली. त्याच वर्षीं बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन डॉ. भीमराव आंबेडकर त्या विद्यापीठांत दाखल झाले. त्यांचे विषय अर्थशास्त्र व समाजशास्त्र हे होते, आणि ‘मूकनायक’ पत्र त्यांनीं काढलें तें पुढें १९२० सालीं. ‘वर्ल्ड’च्या कचेरींत पुलित्झर यांचे पुत्र राल्फ यांनीं १९१३ सालींच चुकांची दाद घेणारें एक खातें उघडलें. वाचकाची तक्रार आली कीं बातमीदारास जाब द्यावा लागे. वारंवार चुकणारास रजा मिळे.

मृत्युपत्राप्रमाणें पारितोषिकें १९१७ पासून देण्यांत येऊं लागलीं, व बातमीदारीचें पहिलें ‘वर्ल्ड’च्याच हर्बर्ट स्वोप यांस मिळालें. १९३७ सालीं शास्त्रीय बातम्यांबद्दल पांच बातमीदारांस तें वांटून देण्यांत आलें. त्यांत गोविंद बिहारी लाल हे एक हिंदी गृहस्थ होते. ते हर्स्ट यांच्या वृत्तसंस्थेंत नोकरीस होते, हेंही जातां जातां सांगण्यासारखें आहे.

पत्र कधीं विकूं नये असें मृत्युपत्रांत असतांही १९३१ सालीं न्यायालयाच्या परवानगीनें पुत्रांनीं ‘वर्ल्ड’ विकलें व तें बंद झालें. १९५५ सालीं सोनेरी घुमटाची ती इमारतही पाडण्यांत आली. तिच्यांतील रंगीत कांचेची एक मोठी खिडकी, जिच्यावर स्वातंत्र्यदेवीचें चित्र आहे, ती तेवढी काढून कोलंबियाच्या शाळेंत नेऊन बसविली. त्या दालनास ‘वर्ल्ड’चें नांव आहे.